पाणपोईवर ताक ठेवा, लालभडक सरबत नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चैत्र लागला की बेळगाव शहरात आणि आसपासच्या गावांतून पाणपोया सुरू होतात. गल्लीतली मंडळे, दुकानदार, देवस्थाने आपापल्या खर्चाने माठ भरून ठेवतात आणि उन्हातून आलेल्या माणसाला त्याची भाषा कोणती हे कुणी विचारत नाही. हे काम फार मोलाचे आहे. म्हणूनच त्यातली एक चूक दाखवावीशी वाटते. पुष्कळ ठिकाणी आता पाण्याशेजारी लाल, गोडमिट्ट सरबताचे पिंप असते आणि तोच खरा पाहुणचार समजला जातो. तहान भागवण्याच्या कामी हे सरबत साध्या ताकाच्या पासंगालाही पुरत नाही.

घाम म्हणजे नुसते पाणी नव्हे. लिटरभर घामातून साधारण अर्धा ते दोन ग्रॅम सोडियम जाते. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत भट्टीपाशी उभा राहणारा कामगार, वीटभट्टीवरची बाई, अथणी-रायबागकडच्या रानात दुपारी राबणारा माणूस तासन्‌तास नुसतेच पाणी पीत राहिला, तर रक्तातले सोडियम पातळ होत जाते. आधी डोके दुखते, मळमळते, पोटऱ्यांत गोळे येतात. फारच झाले तर माणूस बरळू लागतो. अशांनी दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला प्यावे, तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये, आणि त्यातले निम्मे पेले तरी मीठ घातलेल्या पेयाचे असावेत. सावलीत बसून काम करणाऱ्याला मात्र वेगळे मीठ लागत नाही. भाकरी, आमटी, लोणच्यातून ते पुरेसे मिळते. त्याला साधे पाणी बस्स.

साखरेचेही तसेच. थोडी साखर आणि मीठ एकत्र असले की आतडे दोन्ही सोबत ओढून घेते आणि त्यांच्यामागे पाणी आत येते. साखर फार झाली तर उलटे घडते. ती पाणी आतड्यातच धरून ठेवते, पोट फुगते, जुलाब असतील तर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून सुचवलेल्या ओआरएसमध्ये (जुलाबात द्यायच्या साखर-मिठाच्या पाण्यात) लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते. पाकातले सरबत पेल्याला ३० मिलि घातले तर पेल्यातच २० ते २५ ग्रॅम साखर जाते, म्हणजे लिटरच्या हिशेबाने ओआरएसच्या किमान सातपट. मीठ शून्य.

पाणपोईसाठी ताकाचे माप देतो. २ लिटर दही घुसळून त्यात ६ लिटर उकळून गार केलेले किंवा फिल्टरचे पाणी घालावे, लोणी काढून घ्यावे आणि चहाच्या चमच्याने सपाट ४ चमचे मीठ टाकावे. भाजलेल्या जिऱ्याची पूड २ चमचे, ठेचलेले आले, कढीपत्ता आणि कोथिंबीर. मिरची ठेचून घातली की चव येते, पण लहान मुले पिणार असतील तर ती वगळावी. हे ८ लिटर ताक सुमारे ४० पेले होते. दही आंबट निघाले तर आंबटपणा झाकायला मीठ वाढवू नका, पाणी वाढवा. ताक सकाळी करून तीन-चार तासांत संपवावे, दुपारी नवे करावे.

भांडे स्टीलचे हवे. तांब्याच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक, लिंबू, कोकम असे काहीही आंबट ठेवले की तांबे त्यात उतरते, आणि मग “ताक बाधले” म्हणून उलट्या होतात. दोष भांड्याचा असतो, नाव ताकाचे जाते. ॲल्युमिनियमचे पातेलेही आंबटाला नको. मातीचा माठ पाण्याला उत्तम, पण त्याच्या छिद्रांत ताक मुरते आणि तो धुऊन साफ होत नाही. म्हणून स्टीलच्या पिंपाभोवती ओले पोते गुंडाळावे, ताक पुरेसे गार राहते. वरून बर्फ टाकायचाच असेल तर तो पिण्याच्या पाण्याचा आहे याची खात्री करून घ्यावी. माशांच्या पेट्यांत जातो तो बर्फ पोटात जाण्यासाठी केलेला नसतो.

ताकाहूनही मला मोठी वाटते ती आंबील. सीमाभागात ती मराठी घरात आहे, कानडी घरात आहे, आणि दोन्हीकडून हळूहळू नाहीशी होत आहे याचे वाईट वाटते. चार माणसांसाठी नाचणीचे किंवा ज्वारीचे पीठ पाऊण वाटी घ्यावे, दोन वाट्या पाण्यात कालवून रात्री झाकून ठेवावे. थंडीत दहा-बारा तास लागतात, मे महिन्यात सहा ते आठ पुरतात. त्यापुढे गेले तर पीठ तार धरते आणि उग्र वास येतो, ते टाकून द्यावे. सकाळी चार वाट्या पाणी उकळून त्यात हे पीठ ढवळत ढवळत सोडावे आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटे शिजवावे. कोरडे पीठ उकळत्या पाण्यात टाकले तर गुठळ्या होणारच. आंबील पूर्ण निवल्यावरच दोन वाट्या ताक घालावे. गरम असताना घातले की ताक फाटते आणि वर पाणी, खाली चोथा असे होते. मीठ, ठेचलेला लसूण, जिरे, बारीक चिरलेला कांदा. पाणी, मीठ, पिष्ट, थोडी प्रथिने आणि नाचणी असेल तर भरपूर कॅल्शियम, सगळे एका वाडग्यात. रानात जाणाऱ्या माणसाला सकाळी याच्यापेक्षा चांगले काही देता येईल असे मला वाटत नाही.

कोकमाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात ते घरचे फळ आहे. एप्रिल-मेमध्ये पिकते आणि वळवाच्या सरी लागल्या की सालीला बुरशी धरते, म्हणून सगळी घाई. पाकाच्या सरबताला एक किलो सालीला दोन किलो साखर लागते. ते टिकते छान, पण वर सांगितलेली साखर त्यातलीच. रोज प्यायला आमसुलाचे पाणी बरे. लिटरभर कोमट पाण्यात सात-आठ आमसुले अर्धा-पाऊण तास भिजवावीत, हाताने कुस्करून गाळावे, भाजलेले जिरे आणि दोन चमचे गूळ घालावा. मीठ आधी घालू नका, चाखून घाला. वाळवताना आमसुलांना मिठाच्या रसाची पुटे दिलेली असतात आणि आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, तर मीठ भरपूरच असते. पेल्याला एक चमचा आगळ पुरे. रक्तदाब असलेल्यांनी “कोकम थंड असते” म्हणून आगळाचे पेलेच्या पेले पिऊ नयेत. सोलकढीत नारळाचे दूध आणि आगळ दोन्ही गारच मिसळावे, तापवले की फुटते. केल्यापासून तीन-चार तासांत संपवावी.

बाजारातले कोकम खरे की रंगवलेले, हे घरी पाहता येते. चमचाभर सरबतात चिमूट-दोन चिमूट खाण्याचा सोडा टाका. फसफस थांबल्यावर खऱ्या कोकमाचा लाल रंग जांभळट, काळपट होतो. कारखान्यातला रंग लालच राहतो.

पन्हे करताना कैऱ्या देठाकडून कापून अर्धा तास पाण्यात ठेवाव्यात, नाहीतर चिकाने ओठ आणि तोंड येते. सालीसकट, न चिरता वाफवाव्यात. फोडी पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले तर क जीवनसत्त्वही त्याबरोबर जाते. गुळाविषयी एक गैरसमज फार पक्का आहे. गूळ “नैसर्गिक” असला तरी तो बहुतांशी साखरच असतो आणि मधुमेह्याला त्यात सवलत नाही. घ्यायचा असेल तर गडद तपकिरी घ्यावा. पिवळाधमक रंग पुष्कळदा हायड्रॉस नावाचे रंग उजळवणारे रसायन टाकून आणलेला असतो. उसाच्या रसाच्या एका मोठ्या पेल्यात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. कष्टाच्या कामानंतर लिंबू-मीठ घालून एखादा पेला ठीक, बैठ्या माणसाने रोज नको.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते. म्हणजे घामाची भरपाई त्याने अर्धीच होते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पिऊ नये. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांना या पत्रातली मापे लागू नाहीत.

जुलाब-उलट्यांत वरचे कोणतेही पेय ओआरएसची जागा घेत नाही. पाकिटावर “१ लिटर” लिहिले असेल तर पूर्ण पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच मिसळायचे. पेलाभर पाण्यात अख्खे पाकीट टाकणे ही नेहमी होणारी चूक आहे आणि लहान मुलांत ती जिवावर बेतू शकते. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. गोड पेयांच्या खोक्यांवर “ओआरएस” हा शब्द छापण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. तरी दुकानात नावाच्या सारखेपणावर जाऊ नये, घटकांची यादी वाचावी.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर आता त्वचेविषयी. “रोज चार लिटर पाणी प्या, चेहरा उजळेल” असे सर्रास सांगितले जाते. शरीर सुकलेले असेल तर पाण्याने त्वचेला तरतरी येते, हे खरे. पण ज्याच्या अंगात पाणी पुरेसे आहे त्याने आणखी प्यायले तर ते लघवीवाटे निघून जाते, गालापर्यंत पोचत नाही. लघवी फिकट पिवळी असली की पुरेसे समजावे. त्वचेतले पाणी टिकते ते तिच्या वरच्या थरातल्या स्निग्धतेने. पेशी म्हणजे विटा धरल्या तर त्यांच्यामधला चुना स्निग्ध पदार्थांचा असतो. तो घडवायला लिनोलेइक आम्ल लागते आणि ते शरीर स्वतः तयार करू शकत नाही. शेंगदाणे, तीळ, करडई, कारळे यांतून ते मिळते. आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीबरोबर शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी, कच्चा कांदा आणि काकडी असते. त्वचेसाठी वेगळे ताट मांडायची गरजच नाही. जेवणाला दोन चमचे चटणी पुरे. जवस भाजून दळून घ्यावा, अख्खा दाणा न पचताच बाहेर पडतो. पूड आठवड्याला पुरेल एवढीच करावी, नाहीतर खवट होते. वजन उतरवायला तेल पूर्ण बंद करणाऱ्यांची कातडी थंडीच्या कोरड्या वाऱ्यात कोंड्यासारखी सुटते, त्याचे एक कारण हेच.

क जीवनसत्त्वाशिवाय त्वचेतले कोलॅजन नीट बांधले जात नाही. त्यासाठी लोक लिंबूपाण्याच्या मागे लागतात, पण एका लिंबाच्या रसात ते साधारण १० ते २० मिलिग्रॅमच निघते. मोठ्या माणसाला दिवसाला ६५ ते ८० मिलिग्रॅम लागते आणि मध्यम आकाराचा एक पेरू ते सहज भागवतो. आवळा तर त्याहून सरस. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला यांतले अ जीवनसत्त्व तेलाच्या फोडणीशिवाय नीट शोषले जात नाही, म्हणून नुसता रस काढून पिण्यापेक्षा भाजी करावी. काकडीत ९५ टक्के आणि कलिंगडात ९१-९२ टक्के पाणी असते. कलिंगड चिरण्याआधी साल धुवावी, कारण सुरी वरची घाण आत नेते. गाड्यावर कापून उघडी ठेवलेली फोड घेऊ नये. सब्जा चमचाभर, पेलाभर पाण्यात वीस मिनिटे भिजवूनच घ्यावा, कोरडा गिळला तर घशात फुगतो.

लिंबू चेहऱ्याला चोळून उन्हात जाऊ नये. लिंबाच्या रसावर ऊन पडले की कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. भेगाळलेल्या टाचांना रात्री धुऊन, किंचित ओल्या असतानाच, कोकम तेल हातावर वितळवून लावावे. खानापूरच्या बाजारात वडीच्या रूपात मिळते तेच.

एक सूचना विशेष काळजीने करतो. चेहरा उजळावा म्हणून सकाळी कच्च्या दुधीचा रस पिण्याची टूम आली आहे. दुधी चिरल्यावर आधी एक लहान तुकडा जिभेवर ठेवून पाहा. जराही कडू लागला तर थुंकून चूळ भरा आणि तो दुधी फेकून द्या. त्या कडवटपणातले विष जोराच्या उलट्या, जुलाब, रक्तस्राव घडवते आणि त्याने माणसे दगावली आहेत. साखर, मध किंवा इतर रस मिसळून कडूपणा झाकू नये. चुकून प्यायले गेलेच तर घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठावा.

पाणपोया चालवणाऱ्या मंडळांना आणखी एकच विनंती. ओगराळे लांब दांड्याचे ठेवा, ते एकाच माणसाच्या हाती असू द्या, आणि पेले राखेने किंवा साबणाने घासून उन्हात पालथे घाला.

आपला,
आहारशास्त्राचा एक शिक्षक, बेळगाव