लायबेरियाला एक पान द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी निवृत्त इतिहास शिक्षक. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ कोणाला अर्पण केली, हे मी वर्षानुवर्षं वर्गात रंगवून सांगत आलो. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना सोडवणाऱ्या तिथल्या सज्जनांना! एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, सुटलेले लोक पुढे गेले कुठं?” मी म्हटलं, “जाणार कुठं? तिथंच राहिले.” उत्तर अर्धवट होतं, हे मला फार उशिरा कळलं.

गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकी यादवी युद्धाच्या कितीतरी आधी, १८१६ च्या डिसेंबरात, वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन कोलोनायझेशन सोसायटी निघाली. मोकळ्या झालेल्या काळ्या लोकांना आफ्रिकेत नेऊन वसवायचं, हा तिचा हेतू. रॉबर्ट फिन्लीसारखे पाद्री तिच्यात होते आणि गुलामांचे मालकही होते. पहिला अध्यक्ष बुशरॉड वॉशिंग्टन हा जॉर्ज वॉशिंग्टनचा पुतण्या, सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती आणि स्वतः गुलामांचा धनी. मालकांचा हिशेब उघड होता. मोकळा काळा माणूस रस्त्यानं हिंडताना दिसला, की मळ्यावरच्या गुलामाच्या मनात नको ते यायचं. त्यापेक्षा त्याला बोटीत बसवलेलं बरं. वर याला म्हणायचं मायदेशी पाठवणी! ज्यांचे आजे-पणजे व्हर्जिनियात जन्मले, त्यांचा मायदेश कोणता?

हे विचारायला ते लोक गप्प बसले नव्हते. जानेवारी १८१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेथेल चर्चमध्ये सुमारे ३००० काळे लोक जमले. अध्यक्षस्थानी जेम्स फोर्टन, जहाजांची शिडं बनवणारा मोठा कारखानदार. त्याचा स्वतःचा कल आफ्रिकेकडे होता, पण सभेत जाण्याच्या बाजूनं एकही माणूस निघाला नाही. गुलामीत राहिलेल्या आपल्या भावंडांना सोडून आम्ही स्वखुशीनं जाणार नाही, असा ठराव झाला. साहेब, माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा ही सभा आहे.

तरी हजारो गेले. कोणी स्वातंत्र्याच्या आशेनं, तर कोणी नाइलाजानं, कारण देश सोडलास तरच सुटका, अशी काही मालकांची अटच असायची. १८२० साली ‘एलिझाबेथ’ जहाज न्यूयॉर्कहून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघालं. तापानं माणसं पटापट गेली. तेव्हापासून १८४३ पर्यंत तिथं पोचले ४५७१ जण. त्या वर्षीच्या शिरगणतीत जिवंत होते १८१९ जण.

हीच वसाहत म्हणजे लायबेरिया, आणि १८४७ मध्ये तो स्वतंत्र देश झाला. ‘स्वातंत्र्याच्या ओढीनं आम्हाला इथं आणलं’ हे त्याचं ब्रीद. यातल्या ‘आम्ही’त मूळचे रहिवासी नव्हते. त्यांना नागरिकत्व मिळायला १९०४ उजाडलं. पुढे स्थानिकांना स्पेनच्या ताब्यातल्या फर्नांडो पो बेटावर सक्तीच्या मजुरीला धाडलं जातं, असा ठपका राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) चौकशीनं १९३० साली ठेवला आणि अध्यक्ष चार्ल्स किंग यांना पायउतार व्हावं लागलं. गुलामांच्या नातवंडांवर हा आळ यावा! वर्गात हे कसं सांगायचं, याचा मी अजून विचार करतो आहे, पण वगळून चालणार नाही एवढं नक्की.

पुढच्या वेळी इतिहासाचं पुस्तक बदलेल, तेव्हा लायबेरियाला एक पान मिळावं. पान जड होत असेल तर फिलाडेल्फियाची सभा आणि १८४३ ची शिरगणती एवढं तरी ठेवा. बाकीचं मुलं विचारतील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक