जाडी पाहून पुस्तक देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टी लागली की अकरा-बारा वर्षांच्या 'पट्टीच्या' वाचकाच्या हाती थेट सहाशे पानी ऐतिहासिक कादंबरी दिली जाते. शब्द वाचता येतात, पण दरबारी डावपेच डोक्यावरून जातात आणि पुस्तक शंभराव्या पानाशी मिटतं. वाचनाचा वेग आणि मनाचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'बनगरवाडी' (१९५५) घ्या. कादंबरी छोटी, वाक्यं आटोपशीर. पण दुष्काळानं गाव कसं उठतं, ते तेराव्या-चौदाव्या वर्षी नेमकं पोचतं. माणदेशी बोलीशी सुरुवातीला अडखळायला होतं, म्हणून पहिली काही पानं मोठ्यानं वाचून दाखवावीत.

निवडताना पहिलं नव्हे, मधलं पान वाचायला द्या. पाचाहून जास्त शब्द अडले तर पुस्तक सहा महिन्यांनी. बोलीतले शब्द यात धरू नयेत, ते संदर्भानं उलगडतात. अनुवाद असेल तर आतल्या पानावर 'संक्षिप्त' छापलंय का पाहा. छाटलेली गोष्ट अशा मुलांना लगेच कळते, आणि नावं मात्र मूळ लेखकाला ठेवली जातात! हिंसेची, मृत्यूची प्रकरणं मोठ्यांनी आधी वाचावीत. लपवण्यासाठी नव्हे, प्रश्न आल्यावर उत्तर देता यावं म्हणून.

– शालेय ग्रंथालयांतील काही ग्रंथपाल