बाबांचा रिपोर्ट आणि ती चप्पल

प्रिय आई-बाबा,

बाबा, काल फोनवर तुम्ही रक्ताच्या रिपोर्टमधलं वाढलेलं होमोसिस्टीन, २८, वाचून दाखवलंत आणि लगेच "म्हणजे आता हार्टचं" म्हणून मोकळे झालात. मला बोलूच दिलं नाही, म्हणून लिहितेय.

शेजारचे काका म्हणतात तो खानदानी आजार, होमोसिस्टिन्युरिया, वेगळा. होमोसिस्टीन सगळ्यांच्याच अंगात बनतं, दूध-डाळीतल्या मेथिओनिन नावाच्या अमिनो आम्लापासून, आणि त्याला पुढे जायला मुख्य रस्ते दोन. एक परत मेथिओनिनकडे, त्याला बी-१२ आणि फोलेट लागतं. दुसऱ्यावर सिस्टाथायोनिन बीटा सिंथेज नावाचं एन्झाइम बसलंय, आम्ही नुसतं सीबीएस म्हणतो, ते बी-६ च्या मदतीने होमोसिस्टीनला सेरीन जोडतं आणि पुढे त्याचं सिस्टीन होतं. केस जळल्यावर घाण वास येतो ना, तो त्याच सिस्टीनमधल्या गंधकाचा. काकांच्या आजारात हे सीबीएसच जन्मापासून बिघडलेलं असतं, आकडा बहुतेक वेळा शंभराच्या वर, डोळ्यातलं भिंग सरकतं, तरुणपणीच रक्तात गुठळ्या. तुमचं भिंग मोतीबिंदू काढेपर्यंत जागेवर होतं, तेव्हा ते विसरा.

तुमचा पहिला रस्ता अडलाय. जवाहर मार्ग खोदला की सगळ्या गाड्या गल्लीत घुसतात आणि तिथेही जाम, तसं झालंय. बी-१२ फक्त १४० आहे. "दही खातो की रोज" म्हणाल, पण पंधरा वर्षं शुगरची गोळी मेटफॉर्मिन चालू आहे, त्याने बी-१२ अंगी लागणं कमी होतं.

आणि खरं सांगू, व्हिटॅमिनने होमोसिस्टीन खाली येतं पण हार्ट अटॅक टळतात असं मोठमोठ्या ट्रायलमध्ये काही दिसलं नाही. मला काळजी पायांची आहे, बी-१२ कमी पडलं की नसा बिघडून पाय बधिर होतात. दिवाळीत राजवाड्यावरून परत येताना तुमची उजवी चप्पल मागे राहिली आणि तुम्ही दहा पावलं तसेच चालत गेलात, कळलंच नाही तुम्हाला, आणि मी खो खो हसत बसले. तेव्हाच विचारायला हवं होतं.

आई, मावशीने दिलेल्या नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या बाबांना देऊ नकोस, त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. डॉक्टरांना चपलेचं सांग आणि बी-१२ चं इंजेक्शन लगेच सुरू करायचं का विचार. घेतलं की तूच कळव, बाबा "हो घेतलं" म्हणतील आणि पोहे खायला जातील.

तुमची,
छोटी