वणवा गेल्यावर

मेढा, १४ मार्च

बाळ्या लेका,

फोनवर तू आमराईचं विचारलंस तेव्हा धड सांगता आलं नाही, धुरानं घसा बसला होता. आमराई वाचली. वरच्या पडातली गवताची गंज मात्र गेली आणि दोन कलमं होरपळली.

वणवा दुपारी डोंगराच्या धारेवरून उतरला. कुणी लावला ते गावाला ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. माळ जाळला की गवत जोमानं येतं, हे आमचे चुलतेसुद्धा सांगतात. अर्धं खरंय ते. जळल्या जागी कोवळे कोंब लवकर फुटतात, गुरं मिटक्या मारत खातात. पण येते ती जास्त करून कुसळी! तिचं बी परवा हातावर घेऊन पाहिलं. टोक सुईसारखं, मागं पिळाची शेपटी. दवानं पीळ उलगडतो, उन्हानं परत वळतो, असं करत बी मातीत घुसतं. वर आग धडधडत जाते, हे खाली गपगार. पळसाचंही निभावतं, त्याला मुळातून फुटवे येतात. मरण येतं ते हिरड्या-जांभळीच्या वीतभर रोपांना. शिवाय दरसाल उघडी पडलेली माती पहिल्याच वळवात ओढ्याला.

यंदा दिवाळीनंतरही पाऊस रेंगाळला, गवत कमरेला लागलं. मग फेब्रुवारीतच असलं ऊन! जानेवारीत, गवतात थोडा ओलावा असताना, पहाटे आमराईभोवती पंधरा फुटी जाळपट्टा काढला होता, म्हणजे तेवढं गवत आपणच आधी जाळून पट्टा मोकळा केला होता. आग तिथं येऊन थबकली. उडालेल्या ठिणग्या आम्ही निरगुडीच्या डहाळ्यांनी झोडपल्या. वरच्या पडाचा पट्टा 'पुढच्या आठवड्यात' म्हणून राहिला होता. म्हणजे गंज कुणी जाळली, हे मला वेगळं सांगायला नको.

खाली उसाचं पाचट मात्र पेटवलं नाही, सरीत पसरलं. खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाला, पाणी चार दिवस उशिरा दिलं तरी ओल टिकते. चुलते म्हणतात, उंदीर माजतील. माजलेत थोडे.

जानेवारीत रजा काढून ये, दोन्ही पट्टे एकदमच काढू. येताना सुती सदरा आण. गेल्या खेपेचा तुझा तो चकचकीत शर्ट ठिणगीनं अंगाला चिकटेल.

तुझा,
दादू