टाकोवर सेव मागणारी आपली गँग

प्रिय पक्या,

हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. तू तिकडे ह्यूस्टनला उठता-बसता टाको खातोस आणि मी इंदुरातून तुला मेक्सिकन जेवणाबद्दल लिहितोय. पण विजय नगरकडे नवीन रेस्टॉरंट उघडलंय, शनिवारी आपली सगळी गँग गेली होती, जाड्या, वहिनी, मास्तर आणि आपला शेठ, आणि तुझं नाव इतक्यांदा निघालं की शेवटी मास्तर वैतागून म्हणाला, लिही बाबा त्याला एकदाचं.

आत शिरलं की सगळीकडे कॅक्टस, भल्यामोठ्या टोप्या आणि रंगीत कवट्या. वहिनी तर दारातच थबकली, म्हणे जेवायच्या जागी कवट्या कशाला रे? मास्तरला तेवढंच हवं असतं. तो सुरूच झाला, आपला पितृपक्ष असतो ना तसं त्यांचं 1 आणि 2 नोव्हेंबरला असतं, गेलेल्या माणसांसाठी फुलं लावून ताट मांडतात, तेही झेंडूचीच फुलं. झेंडू म्हटल्यावर वहिनीचं समाधान झालं आणि आम्ही एकदाचे बसलो.

मेन्यूत नाचोच्या खाली लिहिलेलं, माया लोकांपासून चालत आलेली परंपरा. अरे कसली परंपरा! 1943 साली पिएद्रास नेग्रास नावाच्या गावात, तुमच्या टेक्सासच्या सीमेला लागूनच, अवेळी आलेल्या अमेरिकन बायकांना काहीतरी द्यायचं म्हणून इग्नासियो आनाया नावाच्या माणसाने टोर्टियाचे, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीचे, तुकडे तळून त्यावर चीज आणि हालापेन्यो मिरची घातली, त्या इग्नासियोचं लाडाचं नाव नाचो, झालं. मी हे सगळं सांगेपर्यंत जाड्याने अर्धी प्लेट संपवली होती. शेठचं तुला माहितीच आहे, कांदा-लसूण नाही. पण भिया हे इंदूर आहे, वेटरने डोळ्याची पापणी न हलवता विचारलं, "सर, जैन साल्सा कर दूँ?" आणि साल्सा, म्हणजे त्यांची चटणी, तशी आणली पण. ग्वाकामोले मात्र काही खरं नव्हतं, एवढासा वाडगा 420 रुपये आणि मला तर दाट शंका आहे की अवोकाडोत मटार वाटून घातलेत.

बुरिटोबद्दल लिहीतच नाही. भात, राजमा, मेयोनीज, बस. चीज तर इतकं की जाड्यासुद्धा म्हणाला पुरे.

आता खरी गोष्ट. कोपऱ्यात काचेच्या पलीकडे एक मुलगी टोर्टिया करत होती, मी पाणी प्यायचं सोडून तिच्याकडेच बघत बसलो. पिठाचा लिंबाएवढा गोळा, त्याच्या खाली-वर प्लास्टिकचा कागद, लोखंडी प्रेसमध्ये ठेवून दांडा दाबला की चकती तयार, मग हलक्या हाताने कागद सोलायचा आणि तापलेल्या तव्यावर. एकदा उलटवली, परत उलटवली, बोटांच्या टोकांनी जरा दाबलं की टम्म फुगायची, आणि लगेच कपड्यात गुंडाळून टोपलीत. आमच्या टेबलावर टोपली आली तेव्हा कपडा उघडल्याबरोबर जो वास आला ना, मक्याचा पण नुसता मक्याचा नाही, नवीन सारवलेल्या ओट्यासारखा थोडा ओला, थोडा चुन्याचा. वहिनीने एक अख्खी दुमडली, परत उलगडली, तरी मोडली नाही. म्हणाली, माझी मक्याची रोटी तर ताटात येईपर्यंत कडेने चिरते, ह्यांनी मैदा घातला असणार.

मैदा नाही. मुलीला विचारलं तर म्हणाली मका झाबुआकडचा आहे, वाळलेला, चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन वाटतात. चुन्याने साल सुटते आणि पीठ चिकट होतं, म्हणून दुमडता येतं. मग मास्तरची केमिस्ट्री आलीच, की मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व आपल्या अंगाला लागतच नाही, चुना घातला की मोकळं होतं, युरोपवाल्यांनी मका नेला पण चुन्याची रीत नेली नाही, मग इटलीत नि स्पेनमध्ये फक्त मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा व्हायला लागला, कातडी सोलायची, डोकं फिरायचं. जेवताना कातडीच्या गोष्टी, पण ऐकत होते सगळे.

त्या टोर्टियात त्यांनी फक्त भाजलेला भोपळा, घेवडा आणि हिरवा साल्सा घालून दिला होता. तिकडे त्यात टोमॅटियो, म्हणजे हिरव्या टोमॅटोसारखं आंबट फळ असतं, इथे कुठून आणणार, म्हणून कच्चे टोमॅटो आणि कैरी. मला तर हेच सगळ्यात आवडलं, सगळ्यात स्वस्तही हेच होतं आणि मेन्यूत अगदी शेवटच्या पानावर खाली. पनीर तंदुरी टाको पहिल्या पानावर, फोटोसकट! असं का करतात लोक? आणि तेवढ्यात जाड्याने हाक मारली, "भैया, थोडी सेव मिलेगी?" मी लाजेने खाली बघतोय आणि वेटर खरंच वाटीभर लौंग सेव घेऊन आला, म्हणे सब माँगते हैं सर. मी पण घातली. छान लागते रे, काय करणार.

आता वहिनीने घरी करायचं मनावर घेतलंय. पानवाल्याकडून चुना आणून झाला, एक किलो वाळलेल्या मक्याला साधारण 10 ग्रॅम पुरतो, स्वीट कॉर्न चालत नाही. जाड्याची आई म्हणते चुना पानात खायचा असतो, पातेल्यात नाही, माझं पातेलं घ्यायचं नाही. तर सध्या पातेल्यावरून घोडं अडलंय.

तू दिवाळीत येतोयस ना, बॅगेत थोडी जागा ठेव. आंचो म्हणजे वाळवलेली पोब्लानो मिरची, ती आण, आणि धुरावरची चिपोटले, डब्यातली नको, सुकी. चीज अजिबात आणू नकोस. आणि जाड्याला सांगू नकोस मी मागवलंय म्हणून, नाहीतर त्याची लिस्ट निघेल.

तुझा,
बंड्या