बाटल्या नंतर, आधी कांदा तळ

कोल्हापूर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या फ्रिजचा फोटो बघितला. दारात परदेशी सॉसच्या बाटल्यांची रांग आणि आत बाहेरून मागवलेल्या जेवणाचे डबे! देशोदेशीचं करून खायची हौस चांगली आहे, पण सुरुवात बाटलीपासून नको. ज्याला नवं काही विकत आणावं लागत नाही, ते आधी कर. असे पदार्थ बहुतेक कष्टकऱ्यांच्या जेवणातले असतात, आणि त्यांचं कडधान्य तुझ्याही डब्यात आहेच.

पहिली कोशरी कर. कैरोत रस्तोरस्ती मिळते. भात, अख्खा मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा आंबट-तिखट रस्सा आणि भरपूर तळलेला कांदा. आपली खिचडीच इंग्रजांच्या काळात तिकडे गेली आणि तिची कोशरी झाली, असं मानणारे पुष्कळ आहेत. खिचडी जुनी खरीच. चौदाव्या शतकात इकडे आलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवलंय, की इथले लोक मूग-तांदूळ एकत्र शिजवतात आणि तूप घालून सकाळी खातात. मसूर आणि मॅकरोनी एका ताटात म्हटल्यावर तुझी आई नाक मुरडेल, पण खाऊन बघेपर्यंतच.

सगळी मदार कांद्यावर. तीन मोठे कांदे उभे, पातळ चिर. चिमूटभर मीठ आणि चमचाभर मैदा चोळून मध्यम आचेवर तळ. मोठ्या आचेवर कडा करपतात आणि आतून कांदा मऊच राहतो. सोनेरी दिसला की लगेच काढ, कारण बाहेर काढल्यावरही तो थोडा गडद होतो. ते तेल टाकून देऊ नकोस, पुढचा सगळा स्वयंपाक त्यातच करायचा.

छोले आदल्या रात्री भिजवून कुकरला लाव. अर्धी वाटी मसूर निम्मा शिजला की वाटीभर तांदूळ आणि कांद्याचं थोडं तेल घालून मोकळा भात कर. मॅकरोनी वेगळी उकड. उरलेल्या तेलात लसूण, जिरं, तिखट आणि टोमॅटोचा रस आटव, उतरवताना चमचाभर व्हिनेगर घाल. शेवटी दक्का: ठेचलेला लसूण, व्हिनेगर, लिंबू, जिरे-धने पूड आणि थोडं पाणी. हे पातळ पाणी प्रत्येकाने आपापल्या ताटात हवं तेवढं ओतायचं. दक्क्याशिवाय कोशरी मला तरी कोरडी लागते. तुझ्या कांदा-लसूण न खाणाऱ्या मित्राला मात्र साधी खिचडीच कर. कांदा काढला की कोशरीत राहतं काय!

रविवारी उशिरा उठलास तर शकशुका कर. ट्युनिशियाच्या बाजूचा पदार्थ. कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो, जिरं, तिखट असं दाटसर शिजवायचं, त्यात डावाने खळगे करून अंडी फोडायची आणि झाकण ठेवायचं. पांढरं घट्ट झालं, पिवळं अजून हलतंय, तेव्हाच गॅस बंद. बरोबर पाव घे.

लसूण-तेलातली स्पॅगेटी तुला आवडते हे माहीत आहे. पण ऑलिव्ह तेलाशिवाय तिच्यात मजा नाही, म्हणून ती पगार झाल्यावर. तेव्हा पास्ता शिजवलेलं पिठूळ पाणी वाटीभर बाजूला काढून ठेव. तेल आणि ते पाणी जोरात हलवलं की पास्त्याला छान धरून राहतं.

फ्राइड राइसला शिळा, गार भात लागतो, म्हणून तो रात्रभर ओट्यावर झाकून ठेवतोस, असं आई सांगत होती. ते बंद कर. भातात एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, आणि भात फ्रिजबाहेर राहिला की त्यांतून वाढणारे जिवाणू जे विष तयार करतात ते परत गरम करूनही जात नाही. वाफ गेली की भात पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये टाक. त्यासाठी दोन-तीन बाटल्या बाहेर काढाव्या लागल्या तरी चालेल.

तुझा,
बाबा