घसारा आणि गाडीचा पिंड

विलेपार्ले, मुंबई
११ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेत की पंधरा वर्षांची गाडी विकून त्याच प्रकारची अकरा वर्षांची, म्हणजे २०१५ ची, गाडी घेण्यात काय हशील आहे. तेव्हा मी ते हसण्यावारी नेले. पण प्रश्न रास्त आहे, आणि बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला त्याचे उत्तर हिशेब मांडूनच द्यायला हवे.

माझ्या पोर्शे बॉक्स्टरच्या, म्हणजे या दोन आसनी, कापडी छताच्या गाडीच्या, नोंदणीला येत्या फेब्रुवारीत १५ वर्षे पूर्ण होतात. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर जशी बंदी घातली गेली, तशी आपल्याकडे नाही. आरटीओत तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून पुढची ५ वर्षे मिळतात. मात्र नूतनीकरणाचे शुल्क साध्या मोटारीला ५ हजार, तर आयात केलेल्या मोटारीला ४० हजार रुपये आहे, आणि २० वर्षांनंतर ते ८० हजार होते. शिवाय पंधरा पावसाळे सोसलेले कापडी छत आणि सस्पेन्शनची रबरे यंदाच बदलायला हवीत. गॅरेजवाल्याने दिलेला अंदाज विम्याच्या कागदावरील किमतीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जातो, आणि तो खर्च विकताना कोणी भरून देत नाही.

"मग नवीच घे," हे आईचे म्हणणे. पेट्रोलवरच्या बॉक्स्टरचे उत्पादन गेल्या ऑक्टोबरात थांबले, हे एक झाले. दुसरे असे की परदेशातून तयार येणाऱ्या महाग गाडीवर आयात शुल्कच शंभर टक्क्यांच्या वर जाते, त्यावर जीएसटी लागतो, आणि महाराष्ट्रात आयात गाडीचा रस्ता कर २० टक्के आहे. बाबा, घसारा म्हणजे वर्षागणिक उतरत जाणारी किंमत, आणि तुम्ही मला तो शिकवलात यंत्राच्या झिजेचा. इथे पहिल्या दोन-तीन वर्षांत जे मूल्य उडून जाते त्यातला मोठा भाग झिजेचा नसून करांचा असतो. विम्याचा तक्ता पहिल्या ६ महिन्यांसाठी ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २० आणि असे करत पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा धरतो. पण ती वजावट शोरूमच्या किमतीतून होते, रस्ता कर त्यात धरलेलाच नसतो. म्हणजे प्रत्यक्ष तूट तक्त्यात दिसते त्याहून मोठी. २०१५ ची गाडी घेतली, तर ही सगळी तूट तिच्या पहिल्या मालकाने सोसून झालेली असते, आणि मुंबईतलीच नोंदणी असल्यामुळे मला रस्ता कर पुन्हा भरावा लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल की मग २०१७ ची का नको. ती दोन वर्षांनी नवी आहे. याचे उत्तर हिशेबाच्या वहीत मिळत नाही. २०१६ पासून कंपनीने या गाडीचे सहा सिलिंडरचे इंजिन काढून चार सिलिंडरचे टर्बो इंजिन बसवले. ताकद २६५ वरून ३०० अश्वशक्तीवर गेली, गाडी अधिक वेगवानही झाली, परंतु तिचा पिंड बदलला. मी दोन्ही चालवून पाहिल्या. रविवारी सकाळी पावणेसहाला छत उघडे ठेवून कोस्टल रोडच्या बोगद्यात प्रियदर्शिनी पार्ककडून शिरावे, तिथल्या मर्यादेप्रमाणे ६० चा वेग धरावा आणि गिअर एक खाली घ्यावा. सहा सिलिंडरचा आवाज आधी पाठीमागून घुमत येतो, मग भिंतींवरून परततो, आणि गिरगावच्या तोंडाशी उजेड दिसेपर्यंत तो सोबत असतो. मुंबईत मला याहून वेगाने जायचे नाही आणि जाताही येणार नाही, त्यामुळे वाढीव ३५ अश्वशक्ती माझ्या काही कामाच्या नाहीत. कंपनीनेही पुढे सहा सिलिंडर परत आणले, पण त्या गाड्या माझ्या खिशाच्या पलीकडच्या आहेत. सहा सिलिंडरचे चाहते पुढेही राहतील, म्हणून २०१५ च्या गाडीचा भाव फारसा खाली येणार नाही, असा माझा अंदाज आहे. तो चुकलाच, तर ती बोगद्यातल्या रविवारांची किंमत समजेन.

एक गोष्ट मात्र मी गमावणार आहे. माझ्या गाडीचे स्टिअरिंग जुन्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, पद्धतीचे आहे. सी लिंकवरचा प्रत्येक सांधा तळहाताला कळतो. २०१५ च्या गाडीत ते विजेवर चालते, हलके आणि अचूक आहे, पण थोडे अबोल आहे. या एका कारणासाठी मी दोन महिने निर्णय लांबवला, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

आई, तुझ्या गुडघ्यांचा प्रश्न ही गाडीही सोडवत नाही. बसायला तितकेच खाली वाकावे लागेल. पुढचे झाकण उघडल्यावर इंजिनच दिसले नाही म्हणून तू दचकली होतीस, ते आठवते ना? हिच्याही पुढे डिकी, मागे डिकी आणि मागच्याच डिकीत तेल ओतायचे तोंड आहे. लोणच्याच्या बरण्या पुढच्या डिकीत ठेवू.

बाबा, सर्व्हिसच्या नोंदींच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. २०१९ ते २०२१ या काळात किलोमीटर जवळजवळ वाढलेले नाहीत. ते टाळेबंदीमुळे की काटा मागे फिरवल्यामुळे, हे तुमच्या नजरेने तपासून कळवा. टोकन त्यानंतरच देईन.

तुमची,
सई